चाट्याच्या एकशे साठ कांड्या

दचकू नका, मित्रांनो. आत्ता पायांवरून गार वारं गेलं ते माझ्यामुळे. दाराआडच्या कोपऱ्यात, पोटात झाडूचा दांडा आणि मोडकी छत्री घेऊन उभी आहे ना, ती मी. नायट्रोजनची जुनी टाकी. माझ्यात थंडीचा आता थेंबही उरलेला नाही, तरी माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मांजरसुद्धा मला वळसा घालून जातं. मी आजवर कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. पण माझ्याकडे बघून अंगावर काटा येतो म्हणतात, त्याला मी काय करू?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे ॲल्युमिनियमची एक टाकी केली, तिच्या आत दुसरी लहान टाकी टांगली आणि दोन्हींच्या मधली हवा यंत्राने शोषून घेतली. म्हणजे माझ्या बाहेरच्या आणि आतल्या कातडीच्या मधे काहीच नाही. हवा नाही, धूळ नाही, काही म्हणता काही नाही. तुम्ही अन्नावर जगता, मी त्या काही-नाहीवर जगले. बाहेरची ऊब त्यातून आत येऊ शकत नाही, म्हणून आतली थंडी टिकते. मला शेवटचा टाका घालणाऱ्या कामगाराने माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "ही म्हातारी दणकट निघणार बघ." मला तेव्हाच राग आला. जन्माला येऊन घटकाही झाली नव्हती, आणि हा मला म्हातारी म्हणतो! पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिथून मी एका वळू केंद्रावर आले. एक लांबट गोठा, त्याला लागून एक अरुंद खोली, आणि पलीकडे सूक्ष्मदर्शकाची खोली. मधल्या अरुंद खोलीत मला ठेवलं. माझ्या मागच्या भिंतीपलीकडे वळूची जागा होती, आणि त्या भिंतीतल्या खिडकीतून मला त्याची गव्हाण दिसायची. तुम्ही विचाराल, तुला डोळे कुठले? मी घशातून बघते. मला तेवढं पुरतं.

माझं काम सांगते. ज्यापासून गाईला वासरू होतं, ते वळूचं बीज पेनातल्या रिफिलएवढ्या बारीक कांड्यांमध्ये भरतात. त्या कांड्या लांब दांडीच्या डबीत रचून माझ्या पोटात, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवतात. तिथे इतकी थंडी असते की बर्फ तिच्यापुढे गरम वाटावा. वळू खातो, झोपतो, म्हातारा होतो, मरतो. कांडी यातलं काहीच करत नाही. ती जिवंत आहे म्हणावं तर हलत नाही, मेली म्हणावं तर वीस वर्षांनीही तिच्यापासून वासरू होतं. माझं झाकण काढलं की पांढरा धूर निघतो. चहाची वाफ वर जाते, माझी खाली उतरते. ती माझ्या अंगावरून ओघळून जमिनीवर पसरते आणि उभ्या माणसाच्या घोट्यांभोवती फिरते.

केंद्रावर माणसं तीनच. वळू सांभाळणारे मामा, त्यांची बायको मामी, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाई. बाईंकडे आणखी दोन केंद्रं होती, त्यामुळे त्या ठरल्या दिवशीच यायच्या. मामा सख्खे कुणाचेच मामा नव्हते, पण बाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आणि वळू एकच. आखूड शिंगांचा, राखी रंगाचा, डोंगरातल्या एका जुन्या जातीचा. त्या जातीच्या नऊ गाई शिल्लक होत्या आणि नर हा एकटा. हा गेला की जात संपली, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला भिंत चाटायची खोड होती. दिवसभर खर्र, खर्र. चाटून चाटून त्याने भिंतीत ताटाएवढा खळगा पाडला होता. म्हणून त्याचं नाव चाट्या.

बाईंनी त्याचं बीज पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मामांना हाक मारली.

"मामा, शंभरातलं दहा हलतंय. बाकी सगळं गपगार."

"असं कसं होईल बाई? दोन वळूंचं एकटा खातो तो!"

"पोट भरतंय हो. पण त्याच्या खुरांना भेगा बघा. कातडी बघा. भिंत का चाटतो? त्याला काहीतरी मिळत नाहीये, ते तो शोधतोय. इथल्या मातीतच जस्त कमी, तांबं कमी, सेलेनियम तर औषधालाही नाही. मग ते गवतात कसं येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

पुढच्या खेपेला बाईंनी खनिजांच्या भुकटीच्या दोन पिशव्या आणल्या. एक वापरायला, एक राखीव. प्रत्येक पिशवीत एक छोटं पांढरं माप होतं. त्यांनी मामामामींना समोर उभं करून बजावलं, "दिवसाला एक माप. सपाट. वरून बोट फिरवायचं, शिग लावायची नाही. हे मीठ नव्हे. सेलेनियम थोडं असलं तर औषध, जास्त झालं तर विष."

मामांना ते सपाट करणं जड जायचं. खाऊ घालताना हात आखडता घ्यायचा नाही, अशा घरात ते वाढले होते. पण बाईंचा शब्द म्हणून बोट फिरवायचे. आठ दिवसांनी त्यांनी विचारलं, "काही फरक?" बाई हसल्या. "मामा, आज खाल्लेलं दोन महिन्यांनी दिसतं. बीज तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. धीर धरा."

मामांनी धीर धरला. खुरांच्या भेगा भरत आल्या. भिंतीवरची खर्र खर्र कमी झाली, मग थांबली. दोन महिने उलटले आणि एका सकाळी बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढताच मामींना हाक मारली. मामी वाकून बघतात तो काय! "अगं बाई, हे तर उकळतंय!" मामा बाहेरूनच ओरडले, "काय उकळतंय? दूध?" त्या दिवशी तिघंही पोट धरून हसली. मी त्यांना इतकं हसताना पुन्हा कधी बघितलं नाही.

त्यानंतर माझ्या पोटात चाट्याच्या एकशे साठ कांड्या आल्या. ऐंशी खालच्या थरात, ऐंशी वरच्या. बाई माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हातारे, सांभाळ गं." मला फार बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं?

मग बाईंना अडीच महिन्यांसाठी दूरच्या केंद्रावर पाठवलं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

मामा होते विसरभोळे. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. एका संध्याकाळी मामींनी सहज विचारलं, "भुकटी दिली का हो?" मामांचं लक्ष दुसरीकडेच. म्हणाले, "कसली भुकटी?" झालं. मामींना वाटलं, हे द्यायचंच विसरलेत. माणूस म्हातारा होतोय, त्याला टोचून कशाला बोला, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी राखीव पिशवी फोडली, तिच्यातलं माप घेतलं आणि रोज संध्याकाळी मुकाट्याने चाट्याला एक माप द्यायला लागल्या.

आणि मामा? मामा रोज सकाळी न विसरता एक माप देत होते. बाकी सगळं विसरतील, पण चाट्याला विसरायचे नाहीत.

मी खिडकीतून दोन्ही बघत होते. सकाळी मामांचं बोट मापावरून फिरायचं, संध्याकाळी मामींचं. दोघांच्याही चेहऱ्यावर माया. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण माझ्या घशात बूच होतं, आणि ते काढलं तरी धुराशिवाय काही निघत नाही. मित्रांनो, मी इतकी थंड, पण तेव्हा मला आतून होरपळल्यासारखं झालं.

दीड महिन्याने चाट्याच्या शेपटीचे केस गळायला लागले. खुरांना पुन्हा भेगा पडल्या. जे कमी पडल्यावर झालं होतं, तेच जास्त झाल्यावरही होतं, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? मामा गव्हाणीपाशी पुटपुटले, "परत कमी पडायला लागलं लेकराला." आणि त्यांनी बोट फिरवणं सोडून दिलं. माप शिगोशीग भरलं. संध्याकाळी मामींनीही तेच केलं. अति तिथे माती, असं तुम्ही पुस्तकात वाचता. मी ती माती पांढऱ्या मापाने पडताना बघितली.

बाई परत आल्या त्या दिवशी चाट्या उठलाच नाही. त्यांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि चमकून मागे झाल्या. "याच्या श्वासाला लसणाचा वास का येतोय? असा वास सेलेनियम जास्त झालं की येतो!" दुपारपर्यंत त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपारी तो श्वासही थांबला.

बाई माझ्या खोलीत आल्या. मामा उजवीकडे, मामी डावीकडे. बाईंनी हळू आवाजात विचारलं, "भुकटी किती देत होता?"

"एकच माप," मामा म्हणाले.

"एकच माप," मामी म्हणाल्या.

दोघंही एकाच वेळी बोलली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामींनी पदराआडून ते दुसरं माप काढलं आणि माझ्या झाकणावर ठेवलं. बाईंनी दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

चाट्याला न्यायला गाडी घेऊन चार माणसं आली. वाट करायला त्यांनी मला ओढलं आणि मी दगडी उंबऱ्यावर आपटले. पोचा आला नाही. फक्त माझ्या आतून एक बारीक आवाज आला, कुणीतरी दातातून हवा ओढल्यासारखा. त्या काही-नाहीत काहीतरी शिरलं होतं.

निघताना बाईंनी सांगितलं, "आता चाट्या म्हणजे या एकशे साठ कांड्या. गाईंची फळायची वेळ यायला अजून महिना आहे. मी पंधरा दिवसांनी येते. तोवर पट्टी बुडवून नायट्रोजनची पातळी बघायची, कमी झाली की मोठ्या नळकांड्यातून ओतायचं. बघाल ना?"

"बघतो ना आम्ही," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. मामींनी मान हलवली.

आणि कुणीच बघितलं नाही. मामांना वाटलं, माझा हात लागला की जीव जातो, तिलाच बघू दे. मामींना वाटलं, माझ्याच हाताने घात झाला, आता तेच बघतील. दोघांनी एका घरात राहून एकमेकांना एक शब्द विचारला नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा मी होते. माझ्या कातडीतून ऊब आत झिरपत होती आणि नायट्रोजन उडून चालला होता. आधी वरच्या कांड्यांची टोकं उघडी पडली, मग त्या पूर्ण उघड्या पडल्या. मला कळत होतं. मेलेल्या माणसाचं शेवटचं सामान तुमच्या हातातून निसटत असावं, तसं ते होतं.

नवव्या दिवशी, भर दुपारी, मामी अंगणात कोंडा चाळत होत्या. गोठा रिकामा होता. आणि भिंतीवर आवाज सुरू झाला. खर्र. खर्र. खर्र.

मित्रांनो, मला विचारू नका. तो आवाज माझा नव्हता.

मामींच्या हातातली चाळण थांबली. त्या उठल्या आणि गोठ्याच्या दारात आल्या. आवाज बंद झाला. आत कुणी नव्हतं. गव्हाण कोरडी होती. पण भिंतीतला तो ताटाएवढा खळगा ओला होता. त्यांनी बोट लावून बघितलं. मग त्यांच्या पायांना गार लागलं. दाराच्या फटीतून माझा धूर गोठ्यात उतरला होता आणि त्यांच्या घोट्यांपाशी आला होता. त्या धुराच्या मागोमाग माझ्या खोलीत आल्या. माझा गळा पांढराफटक पडला होता, अंगावर दहिवर गोठलं होतं. धडधाकट टाकी बाहेरून कधी गार लागत नाही, हे त्यांनी बाईंकडून ऐकलेलं होतं.

"अहो! अहो, धावा! म्हातारी चाललीय!"

मामा धावत आले. पट्टी बुडवून बाहेर काढली, हवेत हलवली. पट्टी जिथवर नायट्रोजनमध्ये भिजते तिथवर तिच्यावर पांढरं दव धरतं. ते फक्त चार बोटं होतं. मामांनी मोठं नळकांडं एकट्याने ओढत आणलं. दोघांनी मिळून माझ्यात ओतलं, पुन्हा मोजलं, पुन्हा ओतलं. दुसऱ्या दिवशी बाई नवी टाकी घेऊन येईपर्यंत दोघं आळीपाळीने माझ्यापाशी बसून होती. तो खळगा माझ्या अंगाच्या पाण्याने ओला झाला असेल, असं बाई नंतर म्हणाल्या. असेलही. माझ्या अंगाचं पाणी जमिनीवर साचलं होतं. ते छातीएवढ्या उंचीवर कसं चढलं, ते मला सांगता येणार नाही.

मेलेली कांडी आणि जिवंत कांडी दिसायला सारखीच असते. कळायचं तर एक खर्ची घालून बघावी लागते. बाईंनी वरच्या थरातली एक कोमट पाण्यात सोडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काही हललं नाही. वरचीच दुसरी घेतली. तीही तशीच. मग खालच्या थरातली एक काढली. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनाही धीर होईना. त्यांनी मामींना खूण केली.

मामी वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"बोल की गं," मामा भिंतीला म्हणाले.

"हलतंय," मामी म्हणाल्या, आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या.

खालच्या थरातल्या एकोणऐंशी कांड्या वाचल्या. चाट्या जाऊन अकरा महिने झाल्यावर त्याचा मुलगा जन्मला. राखी रंगाचा, दोन्ही कान आडवे. मामांनी त्याला हातात घेतलं तेव्हा वासरूच त्यांना सांभाळतंय असं वाटत होतं. मला तोवर कोपऱ्यात उभी करून माझ्यात झाडू खोचला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी दार उघडं होतं आणि मला सगळं दिसलं.

वासरू मोठं झालं, त्यालाही भुकटी सुरू झाली. मामींनी जुन्या दोन मापांपैकी एक दगडाखाली चेचून टाकलं आणि नियम केला. "आता मनातल्या मनात काही चालायचं नाही. माप भरलं की आधी विचारायचं. दुसऱ्याने ओ दिली तरच द्यायचं." तेव्हापासून रोज सकाळी गोठ्यातून आवाज यायचा, "देऊ का गं?" आणि घरातून उत्तर जायचं, "द्या!" मामा दमलेले असले तर उलट. "देऊ का हो?" "दे!" दूधवाला हसायचा. ही दोघं मात्र कधी चुकली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. आता मामींच्या मदतीला मामांची लांबची भाची आली आहे. मामी रोज सकाळी माप भरतात, त्यावरून बोट फिरवतात आणि रिकाम्या घराकडे तोंड करून विचारतात, "देऊ का हो?" मग थोडं थांबतात. मग देतात. भाचीला सुरुवातीला भीती वाटायची. मग सवय झाली. मीही स्वतःला सांगत आले की त्या मधल्या वेळात काही ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात मामींना उठायला जरा उशीर झाला. त्यांनी माप भरलं आणि विचारलं, "देऊ का हो?" त्या थांबल्या. थांबूनच राहिल्या. हातातलं माप तसंच. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग त्यांचा चेहरा बदलला. माप बाजूला ठेवून त्या वळूच्या गव्हाणीवर वाकल्या आणि वैरण चाळायला लागल्या. वैरणीवर भुकटी होती. मामी झोपल्यात म्हणून भाचीने आपणहून आधीच एक माप दिलं होतं.

भाची दारात येऊन थिजली. "मामी, मी सांगणारच होते. तुम्हाला कसं कळलं?"

"ओ आली नाही," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी भरलेलं माप पिशवीत परत ओतलं.

मी सगळं ऐकत होते. त्या सकाळी जी शांतता पडली, ती रोजच्यासारखी नव्हती. म्हणजे रोज काहीतरी होतं.

मित्रांनो, मी झाडू ठेवायची टाकी, मला उपदेश शोभत नाही. पण तुम्ही कुणाला जीव लावत असाल, मग ते जनावर असो की माणूस, तर मुकाट्याने लावू नका. भरलेलं माप हातात घेऊन मोठ्याने विचारा. आणि ओ येईपर्यंत ते कलतं करू नका.